टाचणी टोचण्याआधी

घरच्या राउटरची सेटिंग पाहायला इंटरनेट चालू असावे लागत नाही, राउटरशी जोडणी असली की पुरते. राउटरच्या पोटातच एक लहानसे वेबपान असते आणि ब्राउझरमध्ये आकडी पत्ता टाकला की ते उघडते. बहुतेक राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत, म्हणूनच एकच पत्ता लाखो घरांत सुखाने नांदतो. नेमका पत्ता हवा असेल तर फोनमध्ये वाय-फायच्या तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या शब्दापुढे पाहावे.

पत्ता बरोबर असूनही पान उघडत नसेल तर आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करावा. वाय-फायवर इंटरनेट नाही असे दिसताच फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि राउटर शेजारी असूनही सापडत नाही.

पान उघडले की नाव आणि पासवर्ड विचारला जातो. हा ॲडमिन पासवर्ड. पाहुण्यांना सांगतात तो वाय-फायचा पासवर्ड वेगळा. ॲडमिन पासवर्ड सुरुवातीला राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, पण तो कुणी बदलून विसरला की पुढचे रामायण सुरू होते.

प्रस्तुत लेखक तो असाच विसरला होता. राउटरच्या मागे रीसेटचे बारीक भोक असते. त्यात टाचणी घालून दहा-बारा सेकंद दाबून धरले, दिवे विझले, पुन्हा लागले, आणि स्टिकरवरचा पासवर्ड चाललाही. इंटरनेट मात्र गेले ते गेलेच. शनिवारची संध्याकाळ होती. कंपनीचा माणूस उगवला सोमवारी दुपारी.

कारण साधे होते. अनेक फायबर जोडण्यांत ग्राहकाला पीपीपीओई या लॉगिन पद्धतीचे युजरनेम आणि पासवर्ड दिलेला असतो, काही ठिकाणी व्हीलॅन क्रमांकही. जोडणी देणारा तंत्रज्ञ पहिल्या दिवशी हे सारे राउटरमध्ये भरून जातो आणि घरातल्यांना त्याचा पत्ताही नसतो. रीसेटने ॲडमिन पासवर्डाबरोबर हेही पुसले जाते. काही कंपन्यांच्या राउटरांत ही माहिती दुरून आपोआप परत भरली जाते, पण आपला राउटर त्यांतला आहे असे धरून चालणे म्हणजे जुगारच.

म्हणून टाचणी हाती घेण्याआधी कंपनीला फोन करून ही माहिती लिहून घ्यावी. पासवर्ड आठवत असेल तेव्हाच ‘वॅन’ विभागाच्या पानाचा फोटो काढावा. तिथला पासवर्ड बहुधा ठिपक्यांत दिसतो, तो मात्र कंपनीकडूनच घ्यावा लागतो. ‘बॅकअप’ची सोय असल्यास सेटिंगची फाइल संगणकावर उतरवून ठेवावी. रीसेटनंतर वाय-फायचे नाव आणि पासवर्ड अक्षरन् अक्षर पूर्वीचेच ठेवले तर टीव्ही, फोन, कॅमेरे आपसूक जोडले जातात. हा बदल केबल लावून करावा. वाय-फायवरून केला तर मध्येच आपलीच जोडणी तुटते.

पुन्हा आत शिरल्यावर स्टिकरवरचा ॲडमिन पासवर्ड बदलणे टाळू नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे, डब्ल्यूपीएस आणि बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद करावी. फर्मवेअर अद्ययावत करताना वीज जाता कामा नये. भारनियमनाच्या गावी ते इन्व्हर्टरवरच करावे.

नवा पासवर्ड आणि पीपीपीओईची माहिती कागदावर लिहून वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवावी. राउटरखाली चिकटवलेला कागद पाहुण्यालाही वाचता येतो.