पुराआधी इंटरनेटची दुसरी वाट

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना लागले की इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. २०१९ आणि २०२१ मध्ये ते ५५ फुटांच्या वर गेले. व्हीनस कॉर्नरला पाणी आले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. अशा दिवसांत पेढी, दवाखाना किंवा दूध संस्थेचे बिलिंग चालू ठेवायचे असेल, तर खालची कृती मे महिन्यातच उरकावी. पाऊस लागल्यावर वायरमन मिळत नाही.

साहित्य: सध्याचे फायबर कनेक्शन, दुसऱ्या कंपनीचे डेटा सिम, दोन वॅन पोर्टचा (बाहेरच्या नेटच्या दोन वायरी लागतील असा) राउटर आणि सिमचा मोडेम (किंवा थेट सिम बसणारा राउटर), आणि राउटरबरोबर फायबरची डबीही (बाहेरून आलेले फायबर जिच्यात लागते ती) चालवेल असा छोटा यूपीएस. बहुतेक ठिकाणी राउटर इन्व्हर्टरवर असतो आणि ती डबी मात्र साध्या प्लगवर. मग लाइट गेली की राउटरचे दिवे लागलेले असतात, पण नेट नसते.

१. आधी वायर कुठे जाते ते बघा. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून सगळे टाळतात, आणि पुढची सारी मेहनत इथेच वाया जाते. दोन वेगळ्या नावांची ब्रॉडबँड कनेक्शने पुष्कळदा एकाच केबलवाल्याच्या, एकाच खांबावरच्या फायबरमधून आलेली असतात. केबलवाल्याला सरळ विचारा: तुमचा नोड कुठल्या गल्लीत, किती उंचीवर, त्याला बॅटरी किती तासांची? सिमचेही तसेच. एका टॉवरवर दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना असतात. जनरेटरचे डिझेल संपले की त्या सगळ्या एकदम जातात. म्हणून फायबर एका कंपनीचे, सिम दुसऱ्या कंपनीचे, आणि जमल्यास त्या सिमला सिग्नल उंचावरच्या भागातल्या टॉवरवरून येणारा. राउटर जिथे ठेवणार तिथेच सिम लावून वेग बघा. दारात उभे राहून बघितलेला वेग उपयोगाचा नाही.

२. राउटरमध्ये फायबर मुख्य आणि सिम राखीव असे ठरवा. ‘लोड बॅलन्स’चा पर्याय निवडू नका. दोन्ही वाटा एकदम वापरल्या की आपला इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) मध्येच बदलतो आणि बँकेची साइट लॉगिनमधून बाहेर फेकते.

३. आता मुख्य काम: वाट मेली हे राउटरला कळणार कसे? कारखान्यातून आलेली सेटिंग पुष्कळदा फक्त शेजारच्या डबीकडे बघते. डबी जिवंत असते, फायबर मात्र तुटलेले असते, आणि राउटर खुशाल म्हणतो, सगळे ठीक. तपासणी दूरच्या पत्त्यांवर ठेवा: ८.८.८.८ आणि १.१.१.१. दर पाच सेकंदांनी एक हाक, दोन्हीकडून सलग तीनदा उत्तर नाही आले तर वाट बदला. एकच पत्ता ठेवला, तर त्या एका सर्व्हरच्या दुखण्याने तुमची वाट विनाकारण बदलेल.

मोबाइल कंपनीच्या आतही हाच खेळ चालतो. टॉवरवरून निघालेला डेटा इंटरनेटवर जातो तो दूरच्या गेटवेमधून, आणि असे गेटवे एकाहून अधिक असतात. नेटवर्कमधली यंत्रे गेटवेला ‘आहेस का?’ असे विचारत राहतात. ४जीच्या मानकानुसार हा प्रश्न एका वाटेवर ६० सेकंदांत एकदाच विचारायचा. गेटवे बंद होऊन पुन्हा उठला, तर उत्तरातला ‘कितव्यांदा उठलो’ हा आकडा बदललेला दिसतो आणि जुनी जोडणी गेली हे कळते. राखीव गेटवेकडे प्रत्येक फोनच्या जोडणीची नक्कल असेल तर आपल्याला काही जाणवत नाही. नसेल तर फोनला नव्याने जोडून घ्यावे लागते. म्हणून सिग्नलच्या काड्या पूर्ण असूनही डेटा चालत नसेल तर राउटरचे सिम कनेक्शन तोडून पुन्हा जोडा, फोनवर विमान मोड लावून काढा. काड्या टॉवरच्या असतात, गेटवेच्या नव्हेत. नवी जोडणी मागितली की नेटवर्क गेटवे पुन्हा निवडते आणि तो जिवंत असलेला मिळण्याची शक्यता वाढते.

४. परतीला घाई नको. फायबर आल्याबरोबर राउटर तिकडे उडी मारू लागला आणि वायर अर्धवट जोडलेली असली, तर दर मिनिटाला ये-जा सुरू होते. सलग पाच मिनिटे फायबर नीट चालल्यावरच परत जा, अशी सेटिंग ठेवा.

५. मोठे रुग्णालय किंवा कारखाना असेल तर राउटरही दोन लावा आणि व्हीआरआरपी चालू करा. दोघांचा मिळून एक पत्ता असतो. मुख्य राउटर दर सेकंदाला ‘मी आहे’ म्हणतो, साधारण तीन सेकंद गप्प राहिला की दुसरा तो पत्ता उचलतो. मुख्य राउटरची बाहेरची लाइन गेली तर त्याचा अग्रक्रम खाली यावा, हे मात्र वेगळे सांगावे लागते. छोट्या दुकानाला यातले काही नको.

६. चाचणी घ्या. राउटरची वायर उपटणे ही चाचणी नव्हे, ती तर कुठलाही राउटर ओळखतो. फायबरच्या डबीतून फायबर काढा, टोकाला टोपी घाला, टोकात डोकावू नका. बिल करून बघा, कार्ड मशीन चालवा. मग मेन स्विच पाडून तेच पुन्हा करा.

सिमवर काही गोष्टी चालणार नाहीत. मोबाइल कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेकांना वाटून देतात, त्यामुळे थेट पत्त्यावर उघडणारे दुकानातले कॅमेरे घरून दिसणार नाहीत. बँकेने तुमचा फायबरचा पत्ता नोंदवून घेतला असेल तर तिथेही अडेल. या गोष्टी आधीच कागदावर लिहून राउटरला चिकटवा. काउंटरवरच्या साउंडबॉक्समध्ये बहुधा स्वतःचे सिम असते, ते कुठल्या कंपनीचे तेही लिहा.

७. आपल्या फोनवर नेटवर्कची निवड ‘आपोआप’वर ठेवा. आपत्तीत दूरसंचार विभाग एका कंपनीच्या ग्राहकांना दुसरीचे नेटवर्क वापरू देतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळात गुजरातेत तशी मुभा दिली होती. हाताने एकच कंपनी निवडून ठेवलेला फोन मात्र त्याच कंपनीला शोधत बसतो.

८. राखीव सिमच्या रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. ऐन वेळी दगा देणाऱ्या गोष्टींत संपलेला पॅक पहिला असतो. ३९ फुटांची बातमी आली की त्याच दिवशी सहावी पायरी पुन्हा करा, आणि डबी, राउटर, यूपीएस माळ्यावर हलवा.