दोन जिवांच्या बाईचें वजन

महाड-पोलादपुराकडील खेड्यांत, आणि इतरत्रही, एक समजूत फार जुनी आहे. ती अशी कीं, गरोदर बाईनें पोटभर खाल्लें तर मूल मोठें होईल, आणि मूल मोठें झालें तर बाळंतपण अडेल. म्हणून दिवस भरत आले कीं घरांतील वडील बायका मायेनेंच तिच्या ताटांतील भात कमी करूं लागतात. या समजुतीच्या मुळाशीं दुष्टपणा नाहीं. अडलेल्या बाईला डोलींत घालून डोंगरावरून खालीं आणावें लागे, त्या भयांतून ती जन्मली असावी. परंतु ती खोटी आहे, व तिच्यापायीं मुलें दुबळीं जन्मतात; म्हणून आजच्या पाठांत तिचाच विचार करूं.

बाळंतपण अडतें तें बहुधा कमरेच्या हाडांची वाट अरुंद असल्यानें, मूल आडवें आल्यानें किंवा कळा मंदावल्यानें. गर्भाला अन्न कमी पडलें कीं त्याचें शरीर पुष्कळदा मेंदूला राखून बाकीच्या अवयवांवर काटकसर करितें. हात, पाय व पोट वाळतें, डोकें मात्र शेवटपर्यंत राखलें जातें. आतां वाटेंतून निघण्यास कठीण तें डोकेंच! म्हणजे ताटांतून काढलेल्या भातानें वाट कांहीं रुंद होत नाहीं. मुलाचें मांस मात्र जातें, आणि कळा सोसण्याची आईची शक्तीही.

मग वजन वाढावें तरी किती? आपल्याकडील साधारण बांध्याच्या बाईचें नऊ महिन्यांत सुमारें १० ते १२ किलो वजन वाढावें असें सांगतात. हें ऐकून पुष्कळजणी म्हणतील, मूल तर तीन किलोचें, बाकीचें कोठें जातें? तर तेंही पाहूं. वार अर्ध्या किलोहून अधिक भरते, गर्भजल पाऊण किलोच्या आसपास, वाढलेलें गर्भाशय किलोभर, स्तन अर्धा किलो. अंगांतील रक्त व इतर पाणी मिळून सुमारें तीन किलो वाढतें. उरलेली दोन-तीन किलो चरबी हा पुढें अंगावर पाजण्यासाठीं केलेला सांठा होय. यांतील एकही भाग वायफळ नाहीं.

पहिल्या तीन महिन्यांत ओकाऱ्यांमुळें वजन फारसें वाढत नाहीं, कधीं थोडें उतरतेंही. त्याची चिंता नको. नंतर मात्र दर महिन्यास दीड ते दोन किलोची वाढ दिसली पाहिजे. जी बाई मुळांतच कृश आहे, म्हणजे उंची १५० सेंटिमीटर असून गरोदरपणापूर्वीं वजन ४१ किलोही नव्हतें, तिनें अधिक वाढावें. २००९ सालच्या अमेरिकेंतील नियमांत अशा बाईस १२½ ते १८ किलो सांगितले आहेत. उलट जी आधींच स्थूल आहे तिला सात-आठ किलोही पुरतात, पण तिनेंही या दिवसांत उपास करून वजन उतरवूं नये.

पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ सालापासून के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं गरोदर शेतकरी स्त्रियांचा अभ्यास केला. त्या बाया बुटक्या, सडपातळ व कष्टाळू, अगदीं आपल्या घाटाखालच्या बायांसारख्या. त्यांचीं मुलें जन्मतःच सरासरी २.७ किलोच्या आसपास भरलीं. इंग्लंडांत हाच आंकडा साडेतीन किलोचा. ज्या आया हिरव्या पालेभाज्या व फळें वारंवार खात आणि दूध घेत, त्यांचीं मुलें अधिक भरदार निघालीं. ज्यांच्यावर कामाचा भार जास्त, त्यांचीं हलकीं. आणखी एक गोष्ट दिसली. हीं लहानखुरीं मुलें मांसानें रोड, पण चरबीनें तितकीं रोड नव्हतीं; अशांना मोठेपणीं मधुमेहाचें भय अधिक राहतें. आईच्या ताटांतील उणीव मूल चाळीस वर्षांनींही भोगूं शकतें, ती अशी.

आपल्याकडे खरी अडचण आषाढांत येते. घरांतील जुनें धान्य सरत आलेलें, घरधनी पुष्कळदा मुंबईस, आणि लावणी तर थांबत नाहीं. पोटुशी बाई चिखलांत दिवसभर ओणवी राहते आणि रात्रीं सर्वांना वाढून झाल्यावर मडक्यांत उरेल तें खाते. अशा घरांत तिला दोन घास अधिक खा म्हणून सांगणें ही थट्टाच होय. आधीं तिला सर्वांबरोबर जेवावयास बसवावें. गांवच्या गुरुजींनीं व उपदेशकांनीं हा भाग वाचून दाखवितांना पुरुषांनाही बसवून घ्यावें. डोईवरचा हंडा व लांकडांची मोळी कोणी उचलावी हें ठरविणें त्यांच्याच हातीं असतें.

शेवटच्या महिन्यांत रोजच्या जेवणाहून सुमारें ३५० कॅलरी अधिक लागतात. म्हणजे एक मोठी भाकरी, वर वाटीभर डाळ किंवा कुळथाचें पिठलें. नाचणीची भाकरी भातापेक्षां सरस, कारण तिच्यांत चुना पुष्कळ. पावसांत बांधावर टाकळा फुकट उगवतो, परसांत माठ व शेवगा असतो, शिजवून खावा. अंडें, सुकट, ताक जें मिळेल तें घ्यावें. पाल्याचें महत्त्व मुंबईच्या इतिहासांतही आहे. १९२८ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या डॉ. लूसी विल्स यांनीं गरोदर गिरणीकामगार स्त्रियांचा पंडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा केला. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलें गेलें, व तें हिरव्या पाल्यांतही असतें. तरी पाल्यावरच विसंबूं नये. आशाताई ज्या लोहाच्या गोळ्या देतात त्या चौथ्या महिन्यापासून रोज घ्याव्या, चहाबरोबर किंवा चुन्याच्या गोळीबरोबर नव्हे.

वजन अंगणवाडींत किंवा उपकेंद्रांत दर महिन्यास करून कार्डावर लिहून घ्यावें. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. ही व्यवस्था २०१६ पासून आहे. एखाद्या महिन्यांत कांटा जागचा हलला नाहीं तर तसें नर्सबाईंस सांगावें. एकाच महिन्यांत तीन किलोंहून अधिक वजन चढलें, तोंड व हात सुजले, डोकें दुखूं लागलें किंवा डोळ्यांपुढें अंधारी आली, तर तें बाळसें नव्हे. रक्ताचा दाब वाढल्याची ती खूण असूं शकते, आणि त्या दिवशीं ९ तारखेची वाट न पाहतां, लावणी अर्धी टाकूनही, बाईला दवाखान्यांत न्यावें.