वार्ता दारी येते

कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर ही १८५० साली स्थापन झालेली जुनी संस्था आहे. अशा एखाद्या वाचनालयात सकाळी जाऊन पाहावे. लांब मेजावर निरनिराळी वृत्तपत्रे मांडलेली असतात. कोणी पावसाचे वृत्त वाचतो, कोणी गुळाचा भाव पाहतो, तर कोणी कुस्तीचा निकाल शोधतो. सर्व पत्रे एकाच ठिकाणी मिळाल्यामुळे वाचकाची पायपीट वाचते.

संगणकाच्या जगात मात्र हजारो संकेतस्थळे आहेत. रोज वीस ठिकाणी जाऊन ‘आज काही नवे आहे काय?’ असे पाहत बसणे म्हणजे वीस गावांचे बाजार पायी हिंडण्यासारखेच होय. हे श्रम वाचविणारी एक युक्ती १९९९ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत निघाली. तिला ‘आरएसएस फीड’ म्हणतात. ‘रियली सिंपल सिंडिकेशन’, म्हणजे ‘अगदी सोपे वितरण’, असा या अक्षरांचा अर्थ पुढे रूढ झाला. २००० साली फीडचा एक नमुना ठरला. तो ठरविणाऱ्या मंडळींत आरन स्वार्ट्झ हा अवघ्या चौदा वर्षांचा मुलगा होता!

या युक्तीची रीत सोपी आहे. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची एक यादी ठेवते. तीत लेखाचे शीर्षक, सारांश, तारीख आणि मूळ लेखाचा पत्ता असतो. फीड वाचणारी आज्ञावली आपण निवडलेल्या याद्या ठरावीक वेळाने तपासते व जे नवे असेल ते एका पानावर आणून ठेवते. जणू आपले स्वतःचे वाचनालयच घरी येते.

ग्रंथालयांनाही फीड उपयोगी पडते. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा नियम ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ सालच्या आपल्या ग्रंथात सांगितला. पूर्वी ग्रंथपाल नव्या पुस्तकांची यादी फलकावर लावीत. आता तीच यादी फीडने वाचकाकडे धाडता येते. नव्या नियतकालिकांची अनुक्रमणिकाही अभ्यासकास घरबसल्या मिळते.

परंतु फीड खरेखोटे पारखीत नाही. कोणाची वार्ता घ्यावी, हे वाचकानेच ठरवावयाचे असते. या निवडीचे महत्त्व कोल्हापूरकरांस पावसाळ्यात कळते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, असे मानतात. २०१९ साली महापूर आला, तेव्हा हजारो लोकांना घरे सोडावी लागली. अशा वेळी एखादी अफवा ऐकून उगाच घाबरणे जितके वाईट, तितकेच खरा इशारा न कळणेही घातक. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावरून आपत्तीचे इशारे फीडच्या रूपानेही मिळतात. असे विश्वसनीय स्थान आधीच निवडून ठेवणारा वाचक वेळेवर सावध होतो.

मुलांनो, वार्ता दारी आणून देण्याचे काम यंत्र करील. परंतु दार कोणासाठी उघडावे, हे आपल्याच विवेकाने ठरविले पाहिजे.

स्वाध्याय
१. फीडच्या यादीत कोणकोणत्या गोष्टी असतात?
२. पुराच्या वेळी योग्य वार्ता निवडणे का आवश्यक असते?
३. तुमच्या वाचनालयात येणाऱ्या वृत्तपत्रांची व नियतकालिकांची यादी करा.