कामगार रजेवर, खर्च कोणाच्या खिशातून?

व्हिडिओत आकडे भराभर गेले, म्हणून इथे सावकाश मांडतो. उदाहरण एकच धरू: वय 30, पगार महिना 15,000 रुपये.

1. नेहमीची रजा
महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा 2025 पर्यंत 10 किंवा जास्त कामगार असले की पूर्ण लागू होत असे; आता ही मर्यादा 20 आहे. वर्षाला 8 नैमित्तिक रजा, शिवाय वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे 1 भरपगारी रजा. म्हणजे किमान 20 दिवस. 26 दिवसांचा महिना धरला तर साधारण 11,500 रुपये. हा खर्च अचानक येत नाही, मालाचा भाव ठरवतानाच धरा.

2. लांबलेलं आजारपण
21,000 पर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयसीत येतो. मालकाचा वाटा 3.25 टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात 488 रुपये. कामगाराचा 0.75 टक्के, 113 रुपये. आधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत ईएसआयसी देते. इथे दिवसाला साधारण 350 रुपये. पहिले दोन दिवस सहसा मिळत नाहीत, तेव्हा तिथे शिल्लक रजा वापरू द्या. आणि हो, हा लाभ चालू असताना माणसाला कामावरून काढता येत नाही.

3. कामावर अपघात
इथे 78 दिवसांची अट नाही. बरा होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व आलं तर कमाईची क्षमता किती गेली त्या प्रमाणात दरमहा रक्कम.

4. ईएसआयसी नसेल तर?
खरा धोका इथेच आहे! "आपल्याकडे सहाच माणसं, आपल्याला कुठला कायदा?" असं म्हणून चालत नाही. नुकसानभरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. पूर्ण कायमच्या अपंगत्वाचं सूत्र बघा:

पगाराचे 60 टक्के × वयाचा गुणक
9,000 × 207.98 = 18,71,820 रुपये

कटिंग मशीनमध्ये तर्जनी पूर्ण गेली तर त्याचे 14 टक्के, म्हणजे सुमारे 2 लाख 62 हजार. उपचाराचा खर्च वेगळा. छोट्या युनिटचं खेळतं भांडवल एका झटक्यात संपतं. म्हणून कर्मचारी नुकसानभरपाई विमा घ्याच, आणि मशीनचं गार्ड त्याच्याही आधी बसवा.

5. माणूस परत आणा
नवा माणूस शिकेपर्यंत माल वाया जातो, ऑर्डर लांबते. जुन्या माणसाला परत येताना बसून करायचं काम द्या: पॅकिंग, बिलिंग, स्टॉक मोजणी. दर आठवड्याला एक फोन करा. "कधी येतोस?" नको, "कसा आहेस?" विचारा.

आजचा गृहपाठ
हजेरीच्या वहीत चार रकाने आखा: नैमित्तिक रजा, भरपगारी रजा, आजारपण, अपघात. मग प्रत्येक कामगाराच्या नावापुढे लिहा: ईएसआयसी आहे की विमा. ज्याच्या नावापुढे दोन्ही नाही, त्याचं काम याच आठवड्यात मार्गी लावा.