‘उर्वरा’, ‘सुपीक’ आणि ‘वांझ’ : शब्दार्थविचार

‘उर्वरा’ म्हणजे काय, असे विचारले असता ‘सुपीक जमीन’ हे उत्तर तत्काळ मिळते. ते चुकीचे नाही. परंतु तेवढ्यावर थांबल्यास दोन्ही शब्दांचा विशेष हातून निसटतो. ऋग्वेदात ‘उर्वरा’ येते ती मुख्यत्वे लागवडीखालील भूमी, शेत या अर्थाने. पुढे अमरकोशाने सर्व धान्यांनी संपन्न अशी भूमी ती उर्वरा असे सांगितले आणि तिच्यालगतच क्षारमृत्तिकेचा व ऊषर भूमीचा निर्देश केला. तेव्हा ‘उर्वरा’ हे भूमीचेच नाव आहे.

‘सुपीक’ शब्दाची जडण निराळी आहे. संस्कृत ‘पक्व’, प्राकृत ‘पिक्क’ आणि त्यावरून मराठी ‘पिकणे’ व ‘पीक’. फळ पिकते, शेत पिकते, केस पिकतात, गळूही पिकते. सर्वत्र परिणतीस जाणे हाच भाव आहे. जिच्यात पेरलेले उत्तम परिणतीस जाते ती सुपीक. म्हणजे हा शब्द भूमीची परीक्षा फळावरून करितो. (‘सुपीक डोक्यातली कल्पना’ असे उपहासाने म्हणतात, तेथेही डोक्याचा कस त्यातून निघालेल्या पिकावरूनच ठरविलेला असतो!) याच्या उलट ‘नापीक’, त्यातील ‘ना’ ‘नापसंत’, ‘नालायक’ यांतल्याप्रमाणे फारसी वळणाचा आहे. मात्र ‘पडीक’ म्हणजे नापीक नव्हे. पडीक जमीन पेरलेली नसते, एवढेच. तिच्या कसाविषयी तो शब्द काही बोलत नाही. शेतकरी हा भेद कधी चुकत नाही, ग्रंथ वाचणारे मात्र चुकतात. सुपीकपणा कायमचा असतो असेही नाही. नीरा आणि प्रवरा यांच्या कालव्यांखाली पाण्याच्या अतिरेकाने व निचऱ्याच्या अभावी चांगल्या काळ्या जमिनी चोपण, खारवट झाल्या. कोशातील उर्वरा कोशातीलच ऊषर झाली.

आता ‘वांझ’. ‘संध्या’पासून ‘सांज’ झाली त्याच रीतीने ‘वंध्या’, ‘वंझा’, ‘वांझ’ असा हा क्रम आहे. येथे अर्थाचा जो संकोच झाला तो विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. संस्कृतात ‘वंध्य’ हे तिन्ही लिंगी चालणारे विशेषण आहे. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात ते पुल्लिंगी येते आणि तेथे त्याचा अर्थ फळ न धरणारा वृक्ष असा आहे. श्रमही वंध्य असतात, कोपही वंध्य असतो. मराठीत मात्र ‘वांझ’ हा शब्द प्रामुख्याने स्त्रीला, गाईम्हशीला आणि फार तर झाडाला व जमिनीला लागतो. पुरुषाला तो सहसा लागत नाही. ‘नपुंसक’ त्याच्या जोडीला ठेवणेही बरोबर नाही, कारण तो दोष वेगळा आहे.

या संकोचाला शास्त्राचा आधार शोधू गेल्यास तो मिळत नाही. मनुस्मृतीच्या ९व्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ, हा वाद आहे आणि तेथे कौल सामान्यतः बीजाकडे दिला आहे. पण १०व्या अध्यायात अयोग्य क्षेत्रातील बीज नष्ट होते आणि बीजावाचून क्षेत्र ही नुसती उघडी जमीन होय, असे दोन्ही अंगांनी म्हटले आहे. सुश्रुताने शारीरस्थानात गर्भधारणेस ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज या चारही गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. चारांपैकी एक उणी पडली तरी अंकुर नाही. मग दोष एकट्या क्षेत्राच्या माथी का मारावा? आधुनिक वैद्यकही अपत्य नसलेल्या जोडप्यात दोघांचीही तपासणी करविते आणि ‘पुरुष-वंध्यत्व’ हा शब्द निःसंकोचपणे वापरते. व्याकरणदृष्ट्या त्यात काहीच वावगे नाही. मूळ विशेषणाचे जुने क्षेत्र त्याला परत मिळाले, इतकेच.

म्हणून संस्कृत ग्रंथाचा मराठी अर्थ लिहिताना ‘वंध्य’ हे वृक्ष, श्रम वा वचन यांचे विशेषण असेल तेथे ‘निष्फळ’ हाच शब्द योजावा. ‘अवंध्य’ला ‘वांझ नसलेला’ असे म्हणणे तर कानालाही खटकते. तेथे ‘सफल’ किंवा ‘अमोघ’ म्हणावे.