उंदरांचा मुक्काम कुठं हलला

आटपाडीत आमचं भुसार मालाचं दुकान. मुलगा पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो, आणि नातवानं अजून जिवंत उंदीर पाहिलेला नाही. ‘आजोबा, उंदीर संपले का?’ या त्याच्या प्रश्नावर उभ्या आयुष्याच्या अनुभवातून सुचलं ते असं.

१. उंदीर धान्यामागं येतो आणि आसरा मिळाला तरच राहतो. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात या दोन्हींची सोय होती. वर्षाची ज्वारी एकदम भरायची. बळद, कणगी, पोती, आणि परड्यात कडब्याची गंज. लाकडी तुळया, त्यावर काटक्या-पाला, वर मातीचा थर. तुळई जिथं भिंतीत शिरते तिथल्या फटीत उंदरीण व्यायची, आणि तीन आठवड्यांत पुन्हा व्यायला तयार. रात्री तोंडावर माती पडली की समजायचं, वर धावाधाव सुरू झाली. मुलाच्या घरात स्लॅब, फरशी, मोरीला जाळी, पाच किलो आटा झाकणाच्या डब्यात. तिथं उंदरानं यावं कशाला?

२. दिसत नाही म्हणजे नाही, असं समजू नये. तो रात्री निघतो, भिंतीच्या कडेनं जातो. शहरातला उंदीर गटारात, तळघरात, पार्किंगमध्ये राहतो. गाडीची वायर कुरतडलेली दिसली की सोसायटीला त्याची आठवण होते. मुंबई महापालिका आजही रात्री काठी आणि बॅटरी घेतलेली माणसं उंदीर मारायला पाठवते. सकाळी फिरायला निघणाऱ्यांना त्यातलं काही दिसत नाही, एवढंच.

३. धान्य टाकून घर रिकामं केलं की उंदरांचं फावतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढं देशभर पसरला. तेव्हा घरात उंदीर मरून पडला की लोक गाव सोडून रानात खोपटं घालत. ही गोष्ट आमच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात सारखी यायची. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उलटं झालं. भीतीनं लोक घराबाहेर राहिले, धान्य आत पडून राहिलं, उंदीर माजले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिथं गाठीचा प्लेग दिसला, सप्टेंबरात सुरत हादरली. सुरतेनं पुढं कचरा उचलायची शिस्त लावली आणि शहराचं रूप पालटलं. औषधापेक्षा झाडूवर माझा विश्वास जास्त आहे तो यामुळं.

४. विष घालताना घाई नको. उंदीर नव्या वस्तूला बुजतो. झिंक फॉस्फाइडच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं तेल लावलेलं धान्य ठेवावं लागतं. नाहीतर थोडं चाखून तो सावध होतो, आणि तेच विष पुन्हा खात नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्या खाऊन तो काही दिवसांनी मरतो, तेही हटकून कपाटामागं. दुकानात मी पिंजराच वापरतो. न लावता दोन रात्री भिंतीलगत ठेवायचा, मग भज्याचा तुकडा अडकवून लावायचा.

५. धामण आणि घुबड मारू नका. फुकटचे राखणदार आहेत.

६. गावातून उंदीर हलला तो रानात. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा वाढल्या. आता उन्हाळ्यात तहानलेला उंदीर ठिबकची नळी कुरतडतो. मोटर सुरू केली की बांधाजवळ कारंजं उडतं आणि पुढची झाडं कोरडी राहतात. दुरुस्तीला गडी लावण्याआधी बांधावरची बिळं बुजवा आणि तण काढा. घरातही तोच क्रम: आधी भोक बंद, मग पोती भिंतीपासून वीतभर लांब फळीवर, आणि विष सगळ्यात शेवटी.