काढा कुठवर, गोळी कधी?

कर्जत-खालापूरच्या दवाखान्यांत हल्ली एक उलटी गंगा वाहते. फार्महाऊस घेऊन राहिलेली मुंबईकर मंडळी विचारतात, "डॉक्टर, अँटिबायोटिक नको, हर्बल काही नाही का?" आणि ज्यांच्या कुडाला लागूनच अडुळसा उभा आहे, ती ठाकूरवाडीतली, कातकरवाडीतली माणसं म्हणतात, "पाल्यानं काय होतंय? सुई मारा." दोघांनाही मी सारखंच सांगतो: आजार कोणता आहे, ते आधी कळू द्या.

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. साधी सर्दी, फ्लू, बहुतेक घसेदुखी, पावसाळ्यातला आठवडाभराचा खोकला आणि लहान मुलांचे बरेचसे जुलाब यांत त्याचा काडीचा उपयोग नसतो. असे आजार चार-आठ दिवसांत आपले आपण बरे होतात. तेवढे दिवस सुसह्य करायला अडुळशाचा काढा, मध, हळदीचं दूध खुशाल घ्या. साधा खोकला असेल तर आधी मध घेऊन बघा, असं ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शक सूचनाही सांगतात. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. त्यातल्या एका जंतूच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

जुलाबाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथल्या रानाकडे खरोखर सांगण्यासारखं काही आहे. बेलाचं कच्चं फळ कापून वाळवायचं, ती बेलकाचरी पोट बिघडलं की उकळून द्यायची, ही जुनी रीत. डॉ. नोशीर अंतिया यांनी उभ्या केलेल्या मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत हा काढा प्रयोगशाळेत तपासला गेला. काढा केला तोही वैदूच्या पद्धतीने, सोळापट पाण्यात उकळून चौथाई उरेपर्यंत. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. सहा प्रकारच्या जिवाणूंवर काढा घातला, त्यातला एकही मेला नाही. पण जिवाणूंचं पेशींना चिकटणं आणि आत शिरणं बरंच कमी झालं, आणि पटकीच्या जंतूचं विष कमी तयार झालं. पेरूच्या पाल्यावरच्या याच संस्थेच्या कामातही असंच काहीसं आढळलं. त्या काढ्याने काही जंतू मारले, पण त्याचा मोठा परिणाम जंतूंची पकड आणि विष यांवरच होता.

म्हणून "नैसर्गिक अँटिबायोटिक" असं छापलेली बाटली दिसली की माझ्या कपाळाला आठी पडते. बेल अँटिबायोटिकचं काम करतच नाही, ते वेगळंच काम करतं. शिवाय हे सगळं काचेच्या बशीतलं आहे. तापाने फणफणलेल्या पोराच्या पोटात तेच घडेल याची हमी त्यातून मिळत नाही. जुलाबात जीव जातो तो पाणी कमी झाल्याने. बेलकाचरी द्या अथवा देऊ नका, पण एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजत राहा. सहा महिन्यांवरच्या मुलाला सोबत चौदा दिवस झिंकची गोळी. शौचात रक्त आलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, मूल मलूल पडलं, तर काढ्याचं भांडं खाली ठेवा आणि गाडी बघा.

कुड्याचंही नाव घ्यायला हवं. रक्ती आवेवर त्याची साल द्यायची वैद्यांची परंपरा जुनी आहे. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या येण्याआधी ॲलोपॅथीचे डॉक्टरसुद्धा 'कुर्ची' म्हणून हेच औषध देत. पण पांढऱ्या कुड्याची साल म्हणून काळ्या कुड्याची साल गळ्यात मारली जाते, आणि सोललेल्या सालीत फरक ओळखायला मुरलेली नजर लागते. आपल्याकडच्या ठाकूर म्हाताऱ्यांकडे ती आहे, शहरातल्या पुडीबंद चूर्णावर मात्र माझा भरवसा नाही. गुळवेलीचं तेच. करोनाकाळात लोकांनी ती महिनोन्‌महिने प्यायली, आणि 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या नोंदीवर आक्षेप घेतला, गुळवेलीसारखाच दिसणारा दुसरा वेल वापरला गेला असेल असंही म्हटलं. दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी ओळखीशिवाय वेल तोडून रोज पिणं शहाणपणाचं नाही.

आता जिथे काढा चालणार नाही ते. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहिलेल्या माणसाला जोराचा ताप आला, पोटऱ्या दुखून चालवेना, डोळे लाल झाले, तर तो लेप्टो असू शकतो. उंदराच्या मुतातून जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून आत शिरतो. पहिल्या काही दिवसांत डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक मिळालं तर माणूस सहसा बरा होतो. कावीळ दिसेपर्यंत झाडपाला करत बसलं, तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं जातात. न्यूमोनिया, क्षयरोग, ताप-थंडीसह लघवीला जळजळ यांचंही तेच. जखमेवर दगडी पाला चोळून रक्त थांबवता, हरकत नाही, पण आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि धनुर्वाताची सुई चुकवू नका.

ही डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं सुद्धा मुळात मातीतूनच आली आहेत, हे हर्बलवाल्यांना सांगायला मला आवडतं. घाट चढून गेलं की पिंपरी. तिथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं आणि त्या जिवाणूला पिंपरीचंच नाव दिलं.

ही औषधं आपण वाया घालवतो आहोत, हे मात्र खरं. जंतूंनी दाद न दिल्यामुळे 2019 मध्ये जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. आपल्याकडे त्याची सुरुवात होते ती कागदाच्या पुडीत. दोन पांढऱ्या, एक पिवळी, एक कॅप्सूल, नाव कशावरच नाही, दोन दिवसांचा डोस. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या शेजारणीच्या पोराला. पुडी घेऊ नका, पाकीट मागा. पाकिटावर लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस घ्यायचं. "सुई द्याच" असा हट्टही धरू नका. हट्ट धरला की काही डॉक्टर देऊन मोकळे होतात.

कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळे आणि चौकला ग्रामीण रुग्णालयं आहेत. ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर तिथे जाऊन रक्त तपासून घ्या. आणि वैदूकडून काही घेतलं असेल तर लाजून लपवू नका. कोणी रागावणार नाही. त्या झाडाची एक फांदी पिशवीत टाकून सोबत आणा.